अण्णांच्या आईचं नाव

भुताखेताच्या गप्पा सुरू झाल्या की उठून चहा टाकायला जाणारा मी माणूस. म्हणून हे आजवर बायकोशिवाय कुणाला सांगितलं नाही...

हैदराबाद, चिक्कडपल्ली. नव्या आर्थिक धोरणाचं वारं आमच्या कारखान्यापर्यंत पोचलं आणि व्हीआरएस घेऊन मी पन्नाशीतच घरी बसलो. वडील – अण्णा – अंथरुणाला खिळलेले. त्यांचा एकच हट्ट, "माझ्या आईचं नाव शोधून दे रे!" ते दोन वर्षांचे असताना ती देवीच्या साथीत गेली. आजोबांनी दुसरं लग्न केलं, आणि नव्या आईला वाईट वाटू नये म्हणून पहिलीचं नाव घरात काढायचं नाही, असा दंडक घातला. सांगू शकणारे सगळे गेले. पितृपक्षात तर्पणाला तर नाव लागतंच... नाव माहीत नसलं की घेतात तसं अण्णा आयुष्यभर "गंगा" म्हणून पाणी सोडत आले. "दुसऱ्याच कुणाला तरी पाजतोय रे मी," म्हणायचे आणि रडायचे.

अफझलगंजच्या लायब्ररीत महिनाभर जुनी वर्तमानपत्रं चाळली. शिंकून शिंकून जीव गेला – पण निधनवार्ता सापडली! आजोबांचं नाव, हुद्दा, गाव, सगळं होतं. तिचं? 'यांची पत्नी'. बस्स! असा संताप आला म्हणून सांगू... मात्र शेवटी एक ओळ होती. देवीने गेल्यामुळे दहन न करता मुसी नदीकाठी पुरलं, वर दगड बसवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिथे गेलो. राखणदार यादगिरीने झुडपं बाजूला करून दिली. पाचव्या दगडावर आजोबांचं नाव आणि त्याच्या वर – तिचं! मी ते मोठ्याने वाचलं. वहीत लिहिलं. घड्याळात तीन वाजले होते.

घरी आलो तर बायको दारातच. "अहो, अण्णा तीन वाजता आपले आपण उठून बसले! 'सापडली' म्हणाले."

अण्णांनी माझा हात घट्ट धरला. "सांग."

मी तोंड उघडलं... आणि नाव आठवेना! अगदी जिभेवर होतं हो! वही काढली. माझंच अक्षर, जागा, आजोबांचं नाव – आणि त्याच्या वरची ओळ कोरी. अण्णा लहान मुलासारखे माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

उजाडताच पळत गेलो. दगड होता, आजोबांचं नावही होतं. वरचा भाग मात्र गुळगुळीत. यादगिरीला विचारलं, "कल मैं क्या नाम पढ़ा था?"

"नाम किधर पढ़े साब? पत्थर पे हाथ रखके बस रो रहे थे आप."

परतलो तेव्हा अण्णा गेले होते.

बायको कधी म्हणते थकवा, कधी म्हणते भास. असेल बुवा. पण मग अण्णांना तीन वाजता कसं कळलं? पितृपक्षात अण्णांच्या नावाने पाणी सोडतो. मग गुरुजी विचारतात, "आजीचं नाव?"

मी खाली बघून म्हणतो, "गंगा."