अण्णांसाठी विणलेली टोपी

डिसेंबरात बेंगळुरूची सकाळ बोचरी असते, आणि माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या कानात वारं शिरलं की दिवसभर ठणका लागायचा. म्हणून त्या हिवाळ्यात मी त्यांच्यासाठी टोपी विणायला घेतली. राखाडी जाड लोकर, कडेला उलट-सुलट टाक्यांची पट्टी आणि वर पीळ घातलेल्या वेण्या. हेब्बाळच्या ऑफिसला जाता-येता बसमध्ये विणायचे. वेणीसाठी थोडे टाके छोट्या सुईवर काढून पुढे धरायचे, त्यांच्या पलीकडचे आधी विणायचे, मग हे. बस खड्ड्यात आदळली की काढलेले टाके निसटायचे, आणि मी श्वास रोखून ते पुन्हा उचलायचे.

राजाजीनगरच्या आमच्या घरात विणकाम म्हणजे अक्का. अक्का माझी मोठी नणंद. लग्न केलं नव्हतं, आमच्याकडेच राहायची, आणि घर तिच्याच शब्दावर चालायचं. तिने मला कधी काही शिकवलं नाही. हातातलं काढून घ्यायची, उजेडात धरायची आणि हसायची.

टोपी पुरी झाली त्या शनिवारी ती सोफ्यावर ठेवून मी भाजी आणायला गेले. परत आले तर अक्का टोपी उसवत होती. अर्धी गेलीच होती.

"अक्का, हे काय करताय?"

"एक वेणी उलटी वळलीय. बाकीच्या डावीकडे, ही उजवीकडे. दिसलं नाही तुला?"

"अण्णांना चालली असती."

"मला नाही चालत. लोक म्हणतील, या घरात असलंच विणतात."

बोलताना तिचे हात थांबले नाहीत. नवरा फोनमधून मान वर न करता म्हणाला, "स्वल्प समजून घे ना. तिला कळतं त्यातलं."

दुसऱ्या दिवशी अण्णा चामराजपेटहून जेवायला आले. अक्काने सगळ्यांदेखत लोकरीचा गुंडा त्यांच्या हातात दिला. "घ्या अण्णा, तुमच्या लेकीने विणलेली टोपी."

नवरा खो-खो हसला. मी अण्णांकडे पाहत राहिले. ते एक शब्द तरी बोलतील असं मला वाटलं होतं. त्यांनी गुंडा उलटसुलट करून पाहिला.

"बरं केलंत अक्का," ते म्हणाले. "हिला लहानपणापासून एक काम धड जमत नाही. तुम्ही आहात म्हणून निभावतंय." आणि नवऱ्यापेक्षा मोठ्याने हसले. मग पुन्हा भात वाढून घेतला. वाढत मीच होते.

गुंडा अण्णा ताटापाशीच टाकून गेले. त्याच लोकरीची मी टोपी पुन्हा विणली. या वेळी एक वेणी मुद्दाम उलटी वळवली, आणि टोपी अक्कासमोर कधी ऑफिसच्या पिशवीतून बाहेर काढली नाही.

थंडी सरायच्या आत अण्णा पुन्हा आले. सकाळीच, कानात कापूस घालून. अक्का पूजेला बसली होती. मी ऑफिसला निघत होते, टोपी डोक्यावर होती. त्यांनी ती नीट पाहिली आणि हळूच विचारलं, "झाली का गं माझी?"

"ही माझी आहे."

"आणि माझी?"

"मला एक काम धड जमत नाही, अण्णा."

त्यांनी कानातला कापूस बोटाने आणखी आत दाबला. मग कानडीत "सरी", म्हणजे बरं, एवढंच म्हणाले आणि आल्या पावली रस्त्यावर गेले. दोन्ही कानांवर तळवे दाबून ऑटोची वाट पाहत राहिले. रिकामी ऑटो लवकर मिळेना. मी फाटकापाशी उभी राहून पाहत होते. माझे कान चांगले गरम होते.