इंदूकाकीचा आल्याचा वाफा

तार मिळून मी शिरोड्याला पोचले तेव्हा इंदूकाकीचं सगळं आटोपलं होतं. ओटीवर भेटायला आलेल्यांना थोरले काका सांगत होते, "बिचारीला कसली हौस नव्हती. मिळालं त्यात समाधानी राहिली." महिना उलटला, पण ते वाक्य अजून माझ्या घशाखाली उतरत नाही.

इंदूकाकी माझ्या धाकट्या काकांची बायको. काका लग्नानंतर थोड्याच वर्षांत गेले आणि मूलबाळ नसलेली काकी आमच्या एकत्र घरात रांधायला उरली. गोवा अजून पोर्तुगिजांकडे होता, तेव्हाची ही गोष्ट. बांद्याच्या माहेराहून तिनं कोंब फुटलेले आल्याचे तुकडे आणले आणि परसात, माडांच्या सावलीत वाफा केला. शेणखत घातलं, वर पाचोळा पसरला. त्या घरात तिचं म्हणावं असं तेवढंच... पाऊस उघडला की बोटानं माती उकरून मला म्हणायची, "वास घे गो."

एका दिवाळीच्या सुमारास थोरल्या काकांनी न्हाणीघर बांधायला काढलं. चिऱ्यांची गाडी आली, ती थेट वाफ्यावर उतरवायला. आल्याची पानं अजून हिरवीगार होती; ती सुकल्यावरच आलं काढतात. दिरापुढे कधी मान वर न केलेली काकी जाऊन वाफ्यात उभी राहिली.

"भावजीनू, पानां सुकासर रवा. चिरे थंय कुंपणाकडे उतरवा."

"चार काड्यांसाठी गाडी खोळंबवतंस?"

"ह्यांचो वाटो आसा ना ह्या घरात? ही जागा त्यातली समजा."

गाडीवानानं बैल वळवले आणि चिरे कुंपणाकडे उतरवले. पुढे काकी माहेरी गेली, तेव्हा थोरल्या काकांनी गडी लावून तेच चिरे उचलले आणि वाफ्यावर रचले. जागा कमी पडत होती म्हणून? मुळीच नाही. न्हाणीघर तर शेवटी विहिरीपलीकडे बांधलं. बाईनं वाटा मागितला, त्याचा हा राग.

परतल्यावर काकी एकेक चिरा बाजूला करू लागली. बोटं सोलवटली तिची. माझी आई मदतीला धावली, पण थोरल्या काकांनी ओटीवरून नुसती हाक मारली आणि आई खाली मान घालून आत आली. चिरडलेल्यातले धड कंद काकीनं फुटक्या घागरींत, मडक्यांत लावले, मागच्या दाराशी. वाट्याचं मात्र तिनं सोडलं नाही. गावातल्या जाणत्यांपुढे पुन्हा पुन्हा बोलली. "डोक्यार परिणाम झालो तिच्या," म्हणून थोरल्या काकांनी ते मिटवलं, आणि जाणत्यांनी मिटवू दिलं. मरेपर्यंत तिच्या नावावर हातभर जमीन झाली नाही. याला समाधान म्हणायचं?

बारावं झाल्यावर सकाळी थोरल्या काकांनी ओटीवरून सांगितलं, "आल्याची चाय कर गो."

आई चुलीपुढे होती. मागच्या दाराशी काकीची मडकी आल्यानं भरलेली होती.

"आलां नाय," आई म्हणाली. "बाजारातसून हाडूक व्हया."

मग ती मागच्या दारी गेली, मडक्यात बोट घालून एक कुडी मोडली, धुऊन ठेचली आणि आमच्या दोघींच्या कपांत टाकली. ओटीवर नुसताच चहा गेला.