बदलीवर आलेला माणूस

"मी बदलीवर आलोय" हे वाक्य मी लालबागच्या चाळीत पहिल्या दिवशी बोललो, आणि पुढचे आठ दिवस माझ्याशी कोणी बोललं नाही.

वाक्यात तशी काही चूक नव्हती. परभणीच्या सरकारी कचेरीतून माझी मुंबईच्या कचेरीत बदली झाली होती. रंजूची आई जाऊन वर्ष झालं होतं, रंजू सात वर्षांची होती आणि स्वयंपाकातलं मला फक्त पाणी तापवता यायचं (तेही कधीकधी करपायचं!). निघताना माझी थोरली बहीण आक्का म्हणाली होती, "दिवाळीला येते मी मुंबईला. पोरगी वाळलेली दिसली, की तिथनंच उचलते. मग बस एकटा!" आक्का बोलते ते करते. रंजूशिवायच्या खोलीत संध्याकाळी कुलूप उघडायचं, ही कल्पनाच मला सहन होत नव्हती. म्हणजे दिवाळीपर्यंत पोरीला धड खाऊपिऊ घालणं भाग होतं.

एका ओळखीच्याने गावी गेलेल्या आपल्या चुलत्याची खोली मिळवून दिली. एका हातात ट्रंक, एका हातात रंजू, खांद्यावर आक्काने दिलेला दगडी पाटा (वरवंटा रंजूच्या दप्तरात) अशा थाटात मी तिसरा मजला गाठला. शेजारच्या दारात पन्नाशीच्या एक बाई उभ्या होत्या. त्या गंगामावशी, मूळच्या मालवणकडच्या.

"खंयसून इलास?" त्यांनी विचारलं.

त्या विचारत होत्या कुठून आलास, मला ऐकू आलं, "खाऊन आलास?"

"हो हो, गाडीत दशम्या खाल्ल्या."

मावशींनी मला खालून वरपर्यंत पाहिलं आणि प्रश्न सोपा केला. "कामधंदो काय तुझो?"

"मी बदलीवर आलोय," मी छाती काढून म्हणालो.

मावशी आत गेल्या आणि त्यांचं दार लागलं. मग त्यांच्या पलीकडचं लागलं. गॅलरीच्या टोकाला चाललेला कॅरमसुद्धा थांबला.

आता गिरण्यांचा संप सुरू होऊन सहा महिने झाले होते, हे मला माहीत होतं. मला माहीत नव्हतं ते हे, की गिरणगावात 'बदली' म्हणजे माणूस! कायम कामगाराचा खाडा पडला, की त्या दिवसापुरता त्याच्या जागी उभा राहतो तो बदली. आणि अख्खं गिरणगाव संपावर असताना मुद्दाम परगावाहून 'बदलीवर' आलेला माणूस म्हणजे संप फोडायला आलेला, हे चाळीला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्यातून मी रोज सकाळी डबा काखेत मारून, कोणाकडे न बघता लगबगीने बाहेर पडायचो (डब्यात काय आहे हे कोणी विचारू नये म्हणून!). आठ दिवस रंजू दुपारी शाळेतून येऊन आतून कडी लावून बसली. मी येईपर्यंत साडेसहा व्हायचे. कडी काढताना ती हसायची, आणि मला आक्काचं बोलणं आठवायचं.

नवव्या दिवशी रविवार होता. गंगामावशींचे यजमान परबदादा चार माणसं घेऊन दारात उभे राहिले. दादा गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवायचे आणि आता फुटपाथवर भाजीची टोपली घेऊन बसायचे.

"काय रे, गिरणीत जातोस म्हणे?"

मी चकित झालो. मुंबईत शेजाऱ्यांचं एवढं लक्ष असतं! "जातो ना. कालच जाऊन आलो."

चौघांनी बाह्या सरसावल्या.

"कुठल्या गिरणीत?"

"ही काय, कोपऱ्यावरच्या."

"लाज नाही वाटत?"

"सुरुवातीला वाटली थोडी. पण घरात बाईमाणूस नाही, मग करतो काय? आणि सध्या गर्दीही नसते."

"गर्दी नसते म्हणतो वर!" एकजण ओरडला. "देतात किती तुला?"

"देतात कुठले? उलट मीच देतो!"

परबदादांचा उगारलेला हात हवेतच राहिला. "पैसे देऊन कामाला जातोस तू?"

एवढ्यात माझ्या कमरेच्या मागून रंजू बाहेर आली. "काका, बाबा दळण आणायला जातात. तेही त्यांना नीट येत नाही. काल आपली ज्वारी दिली आणि दुसऱ्याच कोणाचं बेसन घेऊन आले. दोन दिवस आम्ही पिठलंच खातोय, पिठल्याबरोबर!"

जो हशा पिकला तो खालच्या मजल्यापर्यंत गेला. मी गिरणीत घुसलेलो नाही, हे सिद्ध झालं. पण 'बदली' हा शब्द काही पुसला गेला नाही. संध्याकाळपर्यंत चाळीने नवा निकाल लावला: बिचारा बदली कामगार, हातावर पोट, घरात आईविना पोर, तरी गडी आत गेला नाही! कॅरमवाल्यांनी मला स्ट्रायकर दिला. रोज इस्त्रीचा सदरा घालून मी काम शोधायला निघतो, पोरीला कळू नये म्हणून, असंही ठरलं. एका म्हाताऱ्याने तर भर जिन्यात माझी पाठ थोपटली.

दुसऱ्या दिवशी कचेरीतल्या शिपायाने मला त्या शब्दाचा अर्थ सांगितला. जाऊन खरं सांगून टाकायचं, असं ठरवूनच मी चाळीत शिरलो. पाहतो तर रंजू मावशींच्या घरात पाटावर बसून बांगड्याची आमटी आणि भात ओरपत होती. तिच्या वेणीला तेल लागलं होतं. भांग सरळ होता (माझ्या हातून तो नेहमी कानाकडे जायचा).

"ह्या चेडू आता दुपारचा हयच जेवतला," मावशी म्हणाल्या. "तू आपला काम शोध."

"मावशी, ते कामाचं खरं म्हणजे..."

"बाबा, अजून भात घेऊ?" रंजूने विचारलं, आणि मी गप्प बसलो.

तेव्हा गप्प बसलो तो पुढे दिवाळीपर्यंत, चार महिने. ज्या घरात सहा महिने पगार आला नव्हता, तिथे माझी पोर रोज पोटभर जेवत होती, आणि मी, दर पहिल्या तारखेला पगार घेणारा माणूस, काम शोधण्याचा चेहरा करून जिने उतरत होतो. एकदा खाण्याचे पैसे पुढे केले, तर मावशी कडाडल्या, "संप मिटांदे, मगे बघूया!" संप मिटायची लक्षणं नव्हती. शेवटी मी चोरी सुरू केली, उलटी. दर शनिवारी मावशी नळावर गेल्या, की पिशवीतले दोन शेर तांदूळ त्यांच्या डब्यात ओतायचे आणि पळायचं. एकदा झाकण हातातून सुटलं आणि असा आवाज झाला, की मी "मांजर! मांजर!" ओरडत बाहेर पडलो. (त्या मजल्यावर मांजर नव्हतं.) "देवाची करणी बघ," मावशी सगळ्यांना सांगायच्या, "माझो डबो काय सरना!" मी मान डोलवायचो.

दिवाळीला आक्का आली. गॅलरीत पाऊल टाकताच तिने रंजूचे गाल चाचपले आणि ती थक्क झाली. पोरगी चांगली गुबगुबीत झाली होती, मालवणीत भांडत होती. परबदादा कौतुकाने म्हणाले, "भाऊ तुमचा खरा माणूस हो. बदली असून संपात टिकला!"

"कसला संप?" आक्का म्हणाली. तिचा आवाज जात्याच मोठा. "सरकारी नोकर हाय त्यो! कायम! एक तारखेला पगार घेतोय!"

कॅरम पुन्हा एकदा थांबला. मी मावशींच्या उंबऱ्याशी जाऊन उभा राहिलो. आता रंजूला काय खाऊ घालणार, एवढंच डोक्यात होतं. "मावशी, चुकलं माझं. मला पगार होता."

मावशी करंज्या तळत होत्या. त्यांनी वरही पाहिलं नाही.

"माका ठावक आसा. तुझ्या चेडवान दुसऱ्याच दिवशी सांगल्यान." त्यांनी झाऱ्याने दादांकडे खूण केली. "ह्येंकाच काय ता सांगूक नाय, त्येंच्या पोटात काय रवना नाय."

"मग तिला जेवू का घातलंत?"

"मेल्या, पगार भात शिजयता?"

माझे डोळे भरले. एवढी मोठी बाई मी त्याआधी पाहिली नव्हती आणि नंतरही नाही. आक्काने एक करंजी खाल्ली आणि तिथेच जाहीर केलं, "पोरगी ऱ्हाऊ दे हितंच."

मी वळलो तशी मावशींनी हाक मारली. "आणि आयक! फुडच्या शनवारी तांदूळ निवडून घाल. खडे येतत दाताखाली."

त्यानंतर कित्येक वर्षं मी त्यांच्या स्वयंपाकघरात तांदूळ निवडले. मी निवडलेल्या तांदळात उरणारे खडे पाहता परबदादाच ते काम बरं करायचे, म्हणून मला बोलावणं यायचं ते दादांचा खाडा पडला तरच. सरकारने मला केव्हाच कायम केलं होतं, पण गंगामावशींकडे मी शेवटपर्यंत बदलीच राहिलो.