पलंगासाठी पट्टी

"पहिले बोल, काय कापायचंय?"

दुकानात पाऊल टाकलं की भाईचा हाच सवाल. सलाम नंतर. धामणकर नाक्याच्या मागच्या गल्लीत तो लाकूड कापायच्या मशीनच्या दातेरी पट्ट्यांची टोकं जोडायचा, त्यांना धार लावायचा. एकदा हवालदार आला, दारातली रिक्षा हटवायला. त्यालाही हेच विचारलं. हवालदार म्हणाला, "तुझं चलान."

तुमच्याही ओळखीत असेल असा एखादा, एका वाक्यावर जन्म काढलेला.

माझी मशीन वळ गावात, घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये. पाट, पोळपाट करतो. गोल कापायचं तर तो अरुंद पट्टी द्यायचा. जाड लाकूड चिरायचं तर रुंद, मोठ्या दातांची. घरी येऊन स्वतः चढवायचा, ताण बघायला बोटाने छेडायचा, कान लावायचा. निघताना बजावायचा, "काम झालं की ढिली कर. ताणून ठेवलीस तर तुटंल."

माझी बायको चहा देत म्हणायची, "भाई, यांना पण सांगा जरा."

"भाभी, याला ढिला करायचा पाना माझ्याकडं न्हाय."

ती वारली. तेव्हापासून घरात बसवत नाही, बाहेर उभं राहवत नाही. रस्त्यावरून कंटेनर जातो, भिंत हलते, मी उठतो. समोर तिचा सागवानी पलंग. ठरवलं, चिरून टाकायचा.

"काय कापायचंय?"

"पलंग."

त्याने हातातली कानस खाली ठेवली. मग म्हणाला, "जुम्म्यानंतर ये."

गेलो. "सांधा नीट नाय बसला." परत गेलो. "पलंगात खिळे असतील, बघायला लागंल." मी भडकलो. "एवढ्या वेळात लोक अख्खा कारखाना उभा करतात!"

"मग जा त्यांच्याकडं."

नाक्यावर दुसरी दुकानं होती. गेलो नाही. का, ते विचारू नका. त्याच्याकडंच जायचो, भांडायचो, त्याचाच चहा प्यायचो. घरी आलो की पलंगाभोवती फेऱ्या.

मग एका सकाळी शटर बंद. शेजारचा पानवाला म्हणाला, छातीत कळ आली, गेला.

थोड्या दिवसांनी त्याच्या घरी गेलो. त्याची बायको दाराआडूनच बोलली. "तुमची पट्टी कवाची तयार हाय. देऊ नको बोलायचे. बोलायचे, येऊ दे त्याला, बसू दे."

दाराच्या फटीतून पट्टीची गुंडाळी बाहेर आली. रुंद, तेल लावलेली. मी धरली. पलीकडून ती सुटेना.

"पहिले बोला, काय कापायचंय?"

मी म्हटलं, "पोळपाट."

रुंद पट्टीने पोळपाट गोल कापता येत नाही. इतकी वर्षं त्याच्याबरोबर काढून तिला हे माहीत नसेल? तिने पट्टी सोडली.

शेडमध्ये खिळ्याला टांगली आहे. कंटेनर गेला की हलते.