तीन खणांचं मशीन

अण्णा गेल्यावर त्यांचे शेअर आईच्या नावावर करायला मी मल्लेश्वरमच्या एका कचेरीत गेले होते. तिथं भोकं पाडलेली कार्डं मशीनमध्ये घालून व्यवहार वेगळे करणारा माणूस बेळगावकडचा होता. नाव मी विचारलं नाही. मशीनचा खडखडाट थांबला की तो विक्रीच्या खणातली कार्डं उचलायचा, कोपऱ्यावर पेन्सिलीचा ठिपका असलेली निवडायचा आणि जरा वेळ तळहाताखाली धरायचा.

"हे ठिपके कसले?"

"गेलेल्यांचे, अक्का. मीच काढतो. मशीनला खण तीनच. खरेदी, विक्री, लाभांश. मरणाला खण न्हाई. मेलेला माणूस विक्रीत पडतो."

"साहेबांना सांगितलं नाही?"

"सांगितलं की. म्हणाले, शेअर त्याच्या नावावरनं गेला ना, मग सरी, ठीक झालं."

अण्णांनी जन्मात एक शेअर विकला नव्हता. त्यांचं कार्ड माझ्यासमोर विक्रीच्या खणात पडलं. त्यानं ते निवडून हाताखाली धरलं. तेवढ्यात आतून साहेबांनी विक्रीचा आकडा मागितला.

"स्वल्प थांबा, सार," तो म्हणाला, पण हात काही उचलेना.

दुसऱ्यांदा हाक आली, तेव्हा माझ्याकडे न बघता त्यानं अण्णांना विक्रीच्या गठ्ठ्यात परत घातलं.