सलीमभाई बाकावरून ओरडले नसते तर?

मंडळी, आज खडकीच्या मैदानावर आमच्या कंपनीच्या हॉकी संघाची निवड होती. बचावफळीत जागा एकच, दावेदार दोन आणि निवडणारा मी.

चपळ ओमकार बावीस वर्षांचा, सलीमभाई अडतीसचे. चाचणी सामन्यात ओमकार खेळत होता, सलीमभाई बाकावर बसले होते. समोरच्यांना पेनल्टी कॉर्नर मिळाला. ओमकार गोल सोडून पुढे धावणार, तेवढ्यात सलीमभाई ओरडले, "अरे, डावा खांब सोडू नकोस!"

तो थांबला. चेंडू तिथेच आला आणि त्याने झकास अडवला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी ओमकारला घेतलं.

नंतर सलीमभाईंना विचारलं, "गप्प का नाही बसलात?"

"अहो, गोल झाला असता ना!"

अनुभव की कौशल्य, यावर खुशाल वाद घाला. मला एवढंच सांगा, तो गोल वाचवला कोणी?