करडीचा निरोप

हे मी कधीच कोणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. संस्थेतून निवृत्त झाले तेव्हा हारतुरे झाले, लोक माझ्याबद्दल भरभरून बोलले, आणि मी खाली मान घालून बसले होते. सगळ्यांना वाटलं, बाई किती विनयशील. विनय कसला — मला शेवंता आठवत होती.

भंडाऱ्याला आमची संस्था होती, निराधार मुलांसाठी आणि मोडायला आलेल्या घरांसाठी काम करणारी. सत्तरच्या दशकात मी तिथे लागले. मोठ्या मुली संस्थेच्या वसतिगृहात राहायच्या. लहान मुलाला मात्र जमेल तर एखाद्या घरात वाढू द्यायचं, असं आम्ही नव्यानेच ठरवलं होतं. घर शोधायचं, मूल पोचवायचं, मग दर महिन्याला जाऊन बघून यायचं — हे माझं काम. आणि मला त्याचा ताठा होता, हेही आताच सांगून टाकते. माझ्या हातून दिलेलं मूल परत येत नाही, असं मी चारचौघांत मिरवायची.

शेवंता आणि सुकदेव ही भावंडं नाकाडोंगरीकडची. आई बाळंतपणात गेली, बाप कामाला म्हणून गेला तो परतलाच नाही. शेवंता असेल अकराएक वर्षांची, सुकदेव पाचाचा. एवढा मोठा पोरगा, पण ती त्याला कडेवरून खाली ठेवेना. तिला आम्ही वसतिगृहात ठेवलं. त्याला करडी गावी दिलं — कवडूजी आणि सायत्राबाईंकडे. तळ्याखालची धानाची शेती, पोटी मूल नाही, माणसं प्रेमळ. घर खरंच चांगलं होतं. तिथे माझं काही चुकलं नाही. चुकलं ते पुढे.

मी करडीहून परतले की शेवंता फाटकात उभी. "बाई, तो मले इचारते का?" मग मी सगळं सांगायची — काय खातो, कोणाशी खेळतो, तिच्यासाठी काय निरोप दिलाय. तेवढ्यावर तिचा महिना निघायचा. आणि निरोप नेणं-आणणं मलाही आवडायचं, खोटं कशाला बोलू?

एका दिवाळीत मी तिला सोबत घेऊन गेले. दिवसभर तो तिला चिकटून होता. निघताना त्याने तिचा परकर असा धरला की बोटं एकेक करून सोडवावी लागली. ती मीच सोडवली.

पुढच्या खेपेला सायत्राबाईंनी मला चहासुद्धा विचारला नाही. "बाई, बहीण येऊन गेली तवापासून पोरगा धड जेवत नाई. मले माय म्हणाले लागला होता, तेही सोडलं. तिचं नाव काढू नका त्याच्यापाशी. नाई तं घेऊन जा त्याले." त्या दुष्ट नव्हत्या — बोलता बोलता रडत होत्या. मी काय करायला हवं होतं? त्यांना धीर द्यायचा, थोडं थांबा म्हणायचं, शेवंतालाही ठेवून घेता का असं निदान विचारून बघायचं. यातलं एकही मी केलं नाही. माझ्या डोक्यात एकच — मूल परत आलं तर संस्थेत तोंड कसं दाखवू?

मग मी — सांगतेच आता. सुकदेवला मी तळ्याच्या पाळीवर, बांधावर नेलं. त्याने विचारलं, "ताई काहून नाई आली?" मी म्हणाले, ताईला तिकडे दुसरी लहान मुलं मिळाली आहेत सांभाळायला, ती आता यायची नाही. तो रडला नाही. पायाने माती उकरत राहिला. मी उठले तेव्हा म्हणाला, "ताईले सांगजा, मी पोहाले शिकलो."

आणि संध्याकाळी भंडाऱ्याच्या फाटकात शेवंता. "इचारते का?"

"नाही गं. रमलाय तो. तुझं नावही काढत नाही आता."

"बरं झालं," असं म्हणून ती आत गेली. शिवणाच्या वर्गात ती त्याच्यासाठी सदरा शिवत होती, अंदाजाच्या मापाने. तो तिने उसवला, लहान केला आणि स्वयंपाकीणबाईंच्या मुलाला देऊन टाकला. मी बघत होते. त्यानंतर ती फाटकात कधी उभी राहिली नाही.

तिकडे सुकदेव जेवायला लागला, सायत्राबाईंना माय म्हणायला लागला. संस्थेत माझी पाठ थोपटली गेली. खोटं इतकं कामी आलं की ते खोटं होतं हे मीही विसरायला लागले — असं म्हणायला बरं वाटतं, पण विसरले कुठे?

शेवंताचं लग्न संस्थेनेच लावून दिलं, भंडाऱ्याजवळच्या शहापूरला. भावाला बोलवायचं का, असं मी विचारलं होतं — काय हिंमत माझी. ती म्हणाली, "काहून त्याले तरास द्याचा?"

पुढे काही वर्षांनी ती माहेरी यावं तशी मला भेटायला आली, सोबत तिचा मुलगा. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाली, "बाई, तुमी तवा खरं सांगतलं, लय बरं केलं. नाई तं मी त्याचीच आस लावून बसली असती." सुकदेव तेव्हा करडीलाच होता. कवडूजींची शेती तोच बघायचा, मिसरूड फुटलं होतं त्याला. शहापूरहून सकाळी निघाली असती तर दुपारच्या जेवणाला ती त्याच्या दारात असती. एका वाक्याचं काम होतं. मी म्हणाले, "चहा टाकते."

निघताना ती माझ्या पाया पडली. मुलालाही पडायला लावलं. मी पाय मागे घेतले नाहीत. दोघांच्या डोक्यावर हात ठेवला आणि आशीर्वाद दिला.